वेबची कच्ची वही

‘लोकल’ म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे डबे, दांड्या आणि गर्दी येते. संगणकावर काम करणाऱ्या मुलांचं ‘लोकल’ वेगळं. “लोकलवर नीट चालतंय, लाइव्हवर बोंबललंय” हे वाक्य, ज्यांच्या घरात असं एखादं मूल आहे त्यांनी फोनवरच्या बोलण्यात नक्की ऐकलं असेल. त्याचा आगगाडीशी काही संबंध नाही. हे लोकल म्हणजे संकेतस्थळ बनवणाऱ्याची कच्ची वही.

शाळेत आम्ही मुलांना दोन वह्या करायला लावत असू, एक कच्ची आणि एक पक्की. दोनदा लिहायचा मुलांना भारी कंटाळा. “बाई, एकदम पक्क्यातच लिहू का?” हा प्रश्न मी चौतीस वर्षं ऐकला. गंमत म्हणजे संगणकवाल्यांनीही बराच काळ एकदम पक्क्यातच लिहिलं, आणि मग त्यांनाही कच्ची वही काढावी लागली. ती कशी, याचा थोडा इतिहास माझ्या भाच्याकडून ऐकला, थोडा वाचला. तो आज लिहिते आहे.

आधी ही वही म्हणजे काय ते सांगते. हा ब्लॉग तुम्ही उघडता तेव्हा तुमचा संगणक दूर कुठेतरी असलेल्या दुसऱ्या संगणकाला विचारतो, ‘अमुक पान दे’. तो दुसरा म्हणजे सर्व्हर. साधं पान असेल तर तो नुसतं काढून देतो. पण बँकेचं खातं, रेल्वेचं आरक्षण किंवा ब्लॉगवरचे प्रतिसाद असलं काही असेल तर तिथे एक प्रोग्रॅम चालतो, तो माहितीच्या कोठारात म्हणजे डेटाबेसमध्ये शोधाशोध करतो आणि पान तिथल्या तिथे तयार करून धाडतो. म्हणजे सर्व्हर, प्रोग्रॅम आणि डेटाबेस असा तिघांचा संसार आहे. हा संसार आपल्याच टेबलावरच्या संगणकात मांडायचा, आणि ब्राउझरला सांगायचं की बाहेर जाऊ नकोस, घरातच विचार. झालं लोकल. विचारणारा तोच, सांगणारा तोच!

मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं, की वेबचा जन्मच मुळी असा घरात झाला. १९९० सालच्या डिसेंबरमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावर नेक्स्ट कंपनीचा एक काळा संगणक होता. जगातला पहिला वेब सर्व्हर त्याच्यावर चालला आणि पहिला ब्राउझरही त्याच्यावरच. त्या घटकेला अख्खं विश्वजाल एका टेबलावर मावत होतं. शिवाय तो पहिला ब्राउझर वाचायचा तसा लिहायचाही होता. पान उघडा, तिथेच दुरुस्त करा. मग सर्नमधले इतर लोक ती पानं पाहू लागले, ऑगस्ट १९९१ मध्ये बाहेरच्या जगालाही कळवलं गेलं, आणि टेबलावरचा संगणक एकाएकी सार्वजनिक झाला. त्याच्यावर लाल शाईने हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवलेली होती, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. हा संगणक सर्नने जपून ठेवला आहे. त्याचे फोटो पाहताना माझी नजर यंत्राकडे न जाता त्या चिठ्ठीकडेच जाते. कच्च्या वहीची पक्की वही झाल्याची पहिली नोंद ती.

स्वतःशीच बोलायचा पत्ता मात्र वेबच्याही आधीचा आहे. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता लागतो. हे पत्ते वाटण्याचं काम जॉन पोस्टेल नावाचे गृहस्थ बघत. १९८१ च्या यादीत त्यांनी १२७ हा आकडा राखून ठेवलेला दिसतो. १९८६ मध्ये जॉयस रेनॉल्ड्स आणि पोस्टेल यांनी काढलेल्या यादीत त्याचं काम स्पष्ट केलं गेलं. १२७ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर धाडलेलं पत्र घराबाहेर पडताच कामा नये, दाराशी वळून पुन्हा आतच यावं. म्हणूनच १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’, आणि त्याचं अक्षरी नाव लोकलहोस्ट. घरासारखं ठिकाण नाही, या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात ‘घर’ या शब्दाच्या जागी हा आकडा छापलेले टी-शर्ट ही मुलं घालतात, ते यावरूनच.

हिशेब करून पाहिला तर १२७ या आकड्याखाली एकंदर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पत्ते येतात. सगळे स्वतःशी बोलण्यासाठी राखीव, आणि वापरात येतो बहुतेक एकच. पुढे २०११ च्या फेब्रुवारीत त्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला, तरी ही वतनं काही कोणी खालसा केली नाहीत. नव्या पद्धतीत मात्र स्वतःसाठी मोजून एक पत्ता दिला आहे. शहाणे झाले म्हणायचे!

असो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वेबचं पेव फुटलं. १९९५ साल महत्त्वाचं. अपाची हा फुकट सर्व्हर त्या वर्षी आला, रासमुस लेरडॉर्फ यांनी आपल्या पानासाठी केलेली पीएचपी नावाची हत्यारं त्याच वर्षी जगाला दिली, आणि मायएसक्यूएल हा डेटाबेसही त्याच वर्षीचा. तो करणारे मिखाएल विडेनियस हे फिनलंडचे. ‘माय’ हे त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव. (धाकटी मारिया. पुढे तिच्या नावानेही एक डेटाबेस निघाला.) आणि आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं.

त्या काळात काम करायची सर्रास पद्धत अशी, की फाइल सर्व्हरवर चढवायची, ब्राउझरमध्ये बघायची, चुकलं की दुरुस्त करून पुन्हा चढवायची. म्हणजे एकदम पक्क्या वहीतच. पीएचपीमध्ये ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला की सगळं पान कोसळतं, आणि त्या क्षणी संकेतस्थळावर आलेल्या प्रत्येकाला पानाऐवजी ‘अमुक ओळीत चूक’ एवढंच दिसतं. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर दर पाच मिनिटांनी शिपायाने येऊन ‘प्रश्न तिसरा बदलून घ्या’ सांगावं, त्यातला प्रकार. लहान संकेतस्थळांचं निभावून जाई. दुकान किंवा बँक असेल तर तेवढ्या पाच मिनिटांत कोणाचे पैसे कुठे गेले, हे मागाहून शोधत बसायचं.

मग घरीच सगळं का मांडत नसत? कारण मांडणं अवघड होतं. अपाची वेगळा आणायचा, पीएचपी वेगळं, डेटाबेस वेगळा, आणि तिघांची ओळख करून द्यायला शंभर ओळींच्या फाइलींत हाताने बदल करायचे. उतरवून घ्यायचं तर टेलिफोनच्या तारेवरून, तासातासाचे पैसे मोजत. पीसीक्वेस्टसारख्या मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येई, त्यावर हे सगळं फुकट असायचं आणि फोनचं बिलही वाचायचं. जर्मनीतल्या एका संगणक मासिकात १९९८ मध्ये मिशाएल कुंत्से यांनी लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौकडीची आद्याक्षरं जोडून ‘लॅम्प’ हे नाव रूढ केलं. नाव मिळालं, पण दिवा लावायला अजून जाणकारच लागत होता.

तो घरोघरी लावला तो काय सायडलर आणि काय फोगेलगेसांग या दोन जर्मनांनी. (दोघांचं पहिलं नाव उच्चाराला सारखंच. हजेरी घेताना आमची पंचाईत झाली असती.) २००२ मध्ये त्यांनी ही सगळी मंडळी एकाच पुडक्यात बांधली आणि विंडोजवर, लिनक्सवर, कुठेही चालेल असं पुडकं फुकट वाटलं. त्याचं नाव झॅम्प. दोनचार वेळा ‘नेक्स्ट’ दाबायचं, एक छोटी खिडकी उघडते, त्यात अपाचीसमोरचं बटण दाबलं की हिरवं होतं. ‘एचटीडॉक्स’ नावाच्या फोल्डरमध्ये आपल्या फाइली टाकायच्या आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट लिहायचं. ८० क्रमांकाचं दार दुसऱ्या कोणी, बहुतेक वेळा त्या काळचा स्काइप, अडवून बसला असेल तर बटण हिरवं होत नसे, एवढीच काय ती अडचण. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, वर्डप्रेस आलं आणि ‘पाच मिनिटांत मांडून होतं’ अशी त्याची ख्याती झाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून कुठल्याही कंपनीत नसलेली, इंग्रजी बेताचं असलेली, तालुक्याच्या गावची मुलं रात्री जागून संकेतस्थळं बनवायला शिकली. कोणाची परवानगी नको, सर्व्हरचं भाडं नको. बिघडलं तर फोल्डर पुसायचं आणि पुन्हा मांडायचं. शिक्षिका म्हणून विचाराल तर या साऱ्या इतिहासातला मला आवडणारा भाग हाच.

झॅम्प बनवणारे स्वतःच सांगत की हे फक्त घरच्या सरावासाठी आहे. डेटाबेसच्या मालकाच्या खात्याला संकेतशब्दच ठेवलेला नसे! कच्च्या वहीला कुलूप कोण लावतं? पण काही महाभाग तेच उचलून बाजारात मांडत आणि मग चोरी झाली म्हणून बसत.

आता आमच्या घरातली एक गोष्ट, कारण नातेवाईक मंडळींना तिचा शेवटच माहीत आहे. आमच्या माहेरचा कुलवृत्तांत संकेतस्थळावर घालायचा घाट २००८ मध्ये भाच्याने घातला. (छापील कुलवृत्तांतात लेकींची बोळवण ‘कन्या २, विवाहित’ एवढ्यावर केलेली होती. ती आम्ही सुधारायला लावली, हे जाता जाता.) वहिनीने दीड वर्ष बसून चारशेच्या वर पानं युनिकोड मराठीत टंकलिहिली होती. सगळं भाच्याच्या संगणकावर लोकलला सुरेख दिसत होतं. आजोबांच्या नावातला ‘त्र्यं’सुद्धा न मोडता. मी म्हटलं, “मग चढव की आता.” तो म्हणाला, “आत्या, थांब. आधी तिथेच आडबाजूला दहा पानं चढवून बघतो.” चढवली. दहाही पानांवर प्रश्नचिन्हं! ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं. माणसांच्या, गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं.

कारण असं होतं. डेटाबेसला आपण कुठल्या लिपीत लिहितो आहोत हे सांगावं लागतं. मायएसक्यूएलला युनिकोड आलं ते २००४ च्या ४.१ आवृत्तीत, पण तुम्ही काही सांगितलं नाहीत तर तो रोमन लिपीच धरून चालायचा, आणि अक्षरांचा क्रम तर चक्क स्वीडिश भाषेचा, कारण ती कंपनी स्वीडनची. मुद्दाम न सांगता युनिकोड धरून चालणं २०१८ च्या आवृत्तीपासून सुरू झालं. भाच्याने घरच्या डेटाबेसला युनिकोड सांगून ठेवलं होतं, भाड्याच्या सर्व्हरवरचा जुन्याच समजुतीवर होता. न समजणारं प्रत्येक अक्षर मुकाट्याने प्रश्नचिन्ह करून ठेवायचं ही त्याची रीत. आणि एकदा प्रश्नचिन्ह झालं की मूळ अक्षर परत मिळत नाही. ‘गोविंद’ची आणि ‘वासुदेव’ची प्रश्नचिन्हं सारखीच. वहिनीचं काम घरच्या प्रतीत शाबूत होतं, म्हणून दहा पानं पुसली, तिथली मांडणी बदलली आणि आठवड्याने सगळी नीट चढवली. त्या काळात हीच प्रश्नचिन्हं पाहून हळहळलेले बरेच मराठी ब्लॉगर आहेत. ज्यांची घरी प्रत नव्हती त्यांचं लिहिलेलं गेलं ते गेलंच.

नाटकवाल्यांना हे पहिल्यापासून ठाऊक आहे. घराच्या गच्चीवरची तालीम वेगळी आणि कपडे, रंग, दिव्यांसकट थिएटरातली रंगीत तालीम वेगळी. संगणकवाले त्या रंगीत तालमीला ‘स्टेजिंग’ म्हणतात. नाव रंगभूमीशी किती जुळतं पहा!

नुसतं डोळ्यांनी पाहून तपासणं मात्र फार पुरत नाही. पन्नास पानं असली की एकात दुरुस्ती केली म्हणून दुसरं मोडतं. यंत्रानेच यंत्राची परीक्षा घ्यावी ही कल्पना जुनी असली, तरी ती सर्वत्र पसरली ती केंट बेक आणि एरिक गामा यांच्यामुळे. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात दोघांनी मिळून जेयुनिट नावाचं एक छोटं साधन लिहिलं. बेक यांचा आग्रह असा, की आधी परीक्षा लिहा, मग प्रोग्रॅम. आदर्श उत्तरपत्रिका आधी तयार करून मग शिकवायला उभं राहायचं, हे बीएडला आम्हालाही सांगत. पाळणारे थोडे.

२००४ मध्ये डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी रेल्स ही चौकट जाहीर केली. तिच्यात हा विचार मुळातच विणलेला होता. नवं काम काढलं की पहिल्याच दिवशी तीन वह्या हाती येत, एक घडवण्याची, एक परीक्षेची आणि एक खरी. प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, आणि परीक्षेचा तर दर खेपेला पुसून कोरा. त्याच वर्षी शिकागोत थॉटवर्क्स कंपनीतल्या जेसन हगिन्स यांनी सेलेनियम केलं. माणसाऐवजी प्रोग्रॅमच ब्राउझर उघडतो, बटणं दाबतो, अर्ज भरतो आणि आलेलं पान बरोबर आहे का ते पाहतो. नाव थट्टेने ठेवलं. तेव्हा या धंद्यात मर्क्युरी, म्हणजे पारा, नावाची मोठी कंपनी होती, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियमचा उतारा सांगतात. तरीही प्रत्येक ब्राउझरचा स्वभाव निराळा. आपल्या देवनागरीने हे फार सोसलं आहे. विंडोज एक्सपीवर भारतीय भाषांची सोय मुद्दाम चालू करावी लागे, नाहीतर जोडाक्षरं फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसायची. लिहिणाऱ्याच्या संगणकावर सगळं ठाकठीक, वाचणाऱ्याकडे खिचडी. एका जागी बसून अनेक यंत्रांवर आणि ब्राउझरांवर पान तपासायची सोय विकणारी ब्राउझरस्टॅक ही कंपनी २०११ मध्ये निघाली ती मुंबईतच, आयआयटी पवईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांची.

‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ ही सबब बंद करायची तर घरचा संसार आणि तिथला संसार हुबेहूब एक हवा. मिचेल हाशिमोतो यांनी २०१० मध्ये व्हेग्रंट आणलं. त्यात एका फाइलमध्ये कृती लिहून ठेवायची, की तिच्यावरून कोणाच्याही संगणकात तसाच दुसरा संगणक उभा राहतो. पण तो जडशीळ असे. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पायथनवाल्यांच्या संमेलनात सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं. त्यात अख्ख्या संगणकाऐवजी फक्त आपला प्रोग्रॅम आणि त्याचं सामानसुमान एका डब्यात बंद करायचं, आणि तोच डबा घरी, तालमीत आणि खऱ्या सर्व्हरवर उघडायचा. लोणचं घरून बरणीतून न्यावं तसं, तिथल्या कैऱ्यांवर विसंबायला नको. आज बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे.

आणि तरीही ३१ जानेवारी २०१७ ची रात्र आली. गिटलॅब या कंपनीकडे जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम ठेवायला देतात. त्या रात्री त्यांचा डेटाबेस सांभाळणारा एक जण कामाने थकलेला होता. दुय्यम सर्व्हरवरचं एक फोल्डर पुसायचं होतं, ते त्याने मुख्य सर्व्हरवर पुसलं. एकदोन सेकंदांत लक्षात येऊन हात आवरला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. मग राखीव प्रती काढायला गेले. रोज घेतली जाणारी प्रत काही काळापासून होतच नव्हती. का, तर प्रत काढणारं साधन डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. तसं कळवणाऱ्या ईमेल निघत होत्या, त्याही पोचत नव्हत्या. दुसरी एक सोय डेटाबेसच्या सर्व्हरवर कधी चालूच केलेली नव्हती.

उरली एक प्रत. त्याच दिवशी, सहा तास आधी, त्याच माणसाने खऱ्या माहितीवर काही तपासून पाहावं म्हणून स्टेजिंगसाठी हाताने एक नक्कल काढली होती. तालमीचं सामान ते. त्या स्टेजिंगच्या स्वस्त, संथ डिस्कवरून माहिती परत आणायला अठरा तासांच्या आसपास लागले, आणि ते सगळं काम कंपनीने यूट्यूबवर उघड दाखवलं. सहा तासांमधलं मात्र गेलं. अंदाजे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिसाद आणि ७०० नवी खाती. लोकांनी ठेवलेला प्रत्यक्ष प्रोग्रॅमचा मजकूर वेगळ्या जागी होता, तो शाबूत राहिला. पुढे कंपनीने सगळा अहवाल कोणतीही लपवाछपवी न करता प्रसिद्ध केला. त्यात त्या माणसाचं नाव नाही, ‘टीम-मेंबर-१’ एवढंच आहे. फोल्डर त्यानेच पुसलं आणि वाचवणारी नक्कलही त्यानेच काढलेली, हे दोन्ही त्या अहवालात आहे.